टोपा लगाऊँ तो तगारी कहाँ रखूँ?

आठ-पंधरा दिवसांनी पेपरात ती बातमी येतेच. कुठल्यातरी कॉलनीत चालू बांधकामावरून मजूर पडला, आणि शेवटची ओळ ठरलेली की त्याने सुरक्षा साधनं वापरली नव्हती. आपण चहा पिता पिता वाचतो, च्च करतो, आणि मनात येतंच की काय हे लोक, एक हेल्मेट घालायला काय जातं यांचं. मी पण हेच म्हणायचे. मग यंदा इंदूरला आमच्या राजेंद्रनगरच्या घरावर, म्हणजे बाबांच्या जुन्या घरावर, दुसरा मजला चढवायला घेतला आणि मी रोज साईटवर उभी राहायला लागले. पहिल्याच रविवारी मोठ्या उत्साहात सियागंजच्या बाजारात जाऊन सहा पिवळी हेल्मेटं आणली. सोमवारी वाटली. माल वाहणाऱ्या एका बाईने, झाबुआकडची होती, ते हेल्मेट हातात घेऊन दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि मला विचारलं, "दीदी, टोपा लगाऊँ तो तगारी कहाँ रखूँ?"

मी गप्प. कारण तिचं सगळं काम डोक्यावर. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तगारी म्हणजे घमेलं, तगारीत सिमेंट-वाळूचा मसाला, आणि जिना अजून कच्चा. हेल्मेट घातलं तर चुंबळ बसत नाही, चुंबळ नाही तर काम नाही, काम नाही तर मजुरी नाही. त्या एका प्रश्नाने मला कळलं की "घालत का नाहीत" हा प्रश्नच आपण उलटा धरलाय. माझा आतेभाऊ इंदूरजवळ पीथमपूरला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, त्याला फोन लावला तर तो हसला आणि म्हणाला ताई, तू शेवटच्या पायरीवरून सुरू केलंस. पुढचं बरंचसं त्याच्याकडून शिकलेलं आहे आणि थोडं माझं स्वतःचं डोकेफोड करून झालेलं.

पीपीई म्हणजे काय, आणि ती शेवटची पायरी का

पीपीई हा शब्द आपल्याला कोविडमुळे पाठ झाला, तो पांढरा सूट आठवतो. बांधकामावर पीपीई म्हणजे अंगावर घालायची सुरक्षेची साधनं, हेल्मेट, बूट, हातमोजे, चष्मा, मास्क, कानाचे बोळे, उंचीवर हार्नेस म्हणजे दोर अडकवायचे अंगावरचे पट्टे. एवढंच.

पण सेफ्टीवाल्या लोकांचा एक क्रम असतो. आधी धोकाच काढून टाका. नाही जमलं तर कमी धोक्याची पद्धत घ्या. तेही नाही तर धोका आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी उभं करा, कठडा, जाळी, झाकण. मग कामाचे नियम लावा. आणि एवढं सगळं करून जे उरेल त्याच्यासाठी अंगावरची साधनं. घरचं बघा ना, रांगतं मूल असलं की आपण आधी जिन्याला फाटक लावतो, बाळाला गुडघ्याची पॅडं घालून जिन्यावर सोडत नाही! बांधकामावर मात्र आपण नेमकं तेच करतो, फाटक कुठेच नाही आणि पॅड का नाही घातलं म्हणून बाळावर डाफरतो.

कारण सरळ आहे, कठडा एकदा बांधला की तो चोवीस तास काम करतो, कोणी दमलं, विसरलं, घाम आला तरी. हेल्मेट फक्त डोक्यावर असेल तेव्हाच काम करतं.

हेल्मेट किती वाचवतं

आमच्या शेजारच्या काकांनी सुचवलं होतं की एवढे पैसे कशाला घालवता, ज्यांच्याकडे गाडीचं हेल्मेट आहे त्यांना तेच घालू द्या. नाही चालत. गाडीचं हेल्मेट आयएस ४१५१ नावाच्या मानकाचं, वेगात आपटलं की आतलं थर्मोकोलसारखं अस्तर चेपून धक्का खातं, जड असतं, कान झाकले जातात, वरून कोणी "हट" ओरडला तर ऐकू येत नाही. साईटचं हेल्मेट आयएस २९२५ चं. त्यात अस्तर नसतं, पट्ट्यांचं एक जाळं असतं, आणि सगळी करामत त्या जाळ्यात आहे. कडक कवच आणि डोकं यांच्यात दोन-तीन बोटांची रिकामी जागा राहते, वरून काही पडलं की कवच खाली दबतं, पट्ट्या ताणतात आणि धक्का डोकंभर पसरतो. खाटेच्या विणीवर बसल्यासारखं. म्हणून त्या रिकाम्या जागेत बिडीचं बंडल, मोबाईल, घडी केलेला गमछा कोंबला की हेल्मेटचा अर्धा उपयोग गेला, आणि तिथेच तर सगळे कोंबतात, खिसा घामाने भिजतो ना.

आता जरा हिशोब. युरोपात साईटच्या हेल्मेटची जी चाचणी असते तिच्यात ५ किलोचं वजन १ मीटरवरून टाकतात, म्हणजे साधारण ५० जूल ऊर्जा. जूल शब्द विसरा, फक्त ५० हा आकडा धरा. ३०० ग्रॅमचा पाना तिसऱ्या मजल्यावरून, समजा ९ मीटरवरून पडला, तर होतात २६. वाचलात. पण आपली वीट अडीच-तीन किलोची, ती त्याच उंचीवरून पडली तर सव्वादोनशे ते अडीचशेच्या पुढे, चाचणीच्या साडेचार-पाच पट. तेव्हा हेल्मेट आहे म्हणून विटांच्या थप्पीखाली उभं राहता येत नाही. विटेसाठी उपाय हेल्मेट नाहीच, वर पाडाच्या कडेला एक आडवी फळी लावणं आहे म्हणजे पायाने वीट ढकललीच जाणार नाही, आणि खाली दोरी लावून लोकांना त्या पट्ट्यात येऊ न देणं आहे. (पाड म्हणजे परांची, आमच्या इंदूरकडे सगळे पाडच म्हणतात.)

मग हेल्मेट फालतू का? अजिबात नाही. साईटवर डोक्याला जे रोज लागतं ते वीट नसतंच, बाहेर आलेली सळई, सेंट्रिंगची प्लेट, वरून पडलेला खिळा, वाकून उठताना बल्लीवर, म्हणजे आधाराच्या वाशावर, आपटणं. त्याला हेल्मेट उत्तम. फक्त हनुवटीचा पट्टा लावा, नाहीतर माणूस पडताना हेल्मेट आधी निघून जातं. आणि उन्हात प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, आत बनल्याची तारीख छापलेली असते ती बघून घ्या, आमच्या सहापैकी दोन दुकानात किती वर्षं पडून होती देव जाणे.

हार्नेस आणि ती सहा मीटरची भानगड

इथे माझी सगळ्यात जास्त चुकीची समजूत होती. मला वाटायचं दोर बांधला की माणूस सुरक्षित.

एका मजल्यावरून, ३ मीटरवरून पडायला लागतो पाऊण सेकंद, आणि जमिनीशी पोचताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. "सांभाळ" म्हणेपर्यंत संपतं. आता ७० किलोचा माणूस २ मीटर पडला आणि दोराने त्याला झटक्यात, १० सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर त्याच्या अंगावर सरासरी एकवीसपट वजनाचा धक्का बसतो, जवळजवळ दीड टन. तोच माणूस हळूहळू १ मीटरभरात थांबला तर तिप्पट, २१० किलो. उंच आलेला कॅच घेताना आपण हात मागे नेतो त्याच कारणाने. म्हणून चांगल्या हार्नेसच्या दोरात एक घडी घालून शिवलेली पट्टी असते, झटका बसला की तिचे टाके एकेक करून उसवत जातात, साडीचा फॉल उसवावा तसे, आणि उसवता उसवता धक्का खातात. ती एकदा उसवली की तो दोर भंगारात, परत शिवून वापरायचा नाही.

आणि कंबरेचा नुसता बेल्ट, जो अजून कितीतरी ठिकाणी दिसतो, तो सगळा धक्का पोटावर आणि मणक्यावर घेतो, माणूस मधून दुमडतो किंवा वरून निसटतो. पूर्ण अंगाचा हार्नेस तोच भार मांड्या, छाती आणि खांद्यांवर वाटून देतो.

आता भानगड. दोर २ मीटर, उसवणारी पट्टी पावणेदोन मीटरपर्यंत लांबते, हुकाखाली माणसाची उंची दीड मीटर धरा, आणि जमिनीपर्यंत १ मीटर मोकळी जागा. बेरीज सव्वासहा मीटर. म्हणजे पायाजवळच्या बल्लीला हुक लावून माणूस पहिल्या स्लॅबवरून पडला तर हार्नेस व्यवस्थित काम करेल आणि तो तरीही जमिनीवर आपटेल! मी हे ऐकून भावाला दोनदा विचारलं. हुक डोक्याच्या वर लावला तर पडणं खूप कमी होतं, पण आमच्या घरासारख्या कामात डोक्याच्या वर असतं काय? आकाश. आणि हुक ज्याला लावायचा त्याने साधारण एक टनाहून जास्त झटका झेलायला हवा, सुतळीने बांधलेली बांबूची बल्ली ते झेलत नाही, पाण्याचा पाईप तर नाहीच नाही. हार्नेस घालून हुक हवेत लोंबकळत असलेले फोटो आपण बघतो आणि मजुराला हसतो, खरं तर विचारायला हवं की त्याला हुक लावायला जागा कोणी करून दिली.

अजून एक, पडून हार्नेसमध्ये लटकलेला माणूस वाचला असं समजू नका. पाय लोंबतात, पट्ट्या मांड्या आवळतात, रक्त पायात साचतं आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्याला उतरवायचं कसं हे आधी ठरलेलं पाहिजे, तेव्हा शिडी शोधत फिरायचं नाही.

तर एक-दोन मजल्यांच्या घराला खरा उपाय कठडा. स्लॅबच्या कडेने, मोकळ्या जिन्याला, आणि डक्टच्या, म्हणजे पाईप जायला सोडलेल्या, भोकाला, कारण ती भोकं लोक प्लायवूडने नुसती झाकतात, मग कोणीतरी ते प्लायवूड उचलून नेतो आणि पुढे पाय टाकतो.

जी धूळ दिसत नाही ती

पडणं बातमीत येतं. धूळ येत नाही, म्हणून यावर जास्त लिहिते.

वाळू, काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल्स यांच्यात सिलिका असते. कापताना, घासताना तिची इतकी बारीक पूड होते की सगळ्यात घातक कण ४-५ मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) खालचे असतात, आपला केस ७० च्या आसपास. खिडकीतून ऊन आलं की जे कण तरंगताना दिसतात ना, ते मोठे झाले, ते नाकात अडकतात. न दिसणारे थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथे व्रण करत बसतात. याला सिलिकोसिस म्हणतात. बरा होत नाही, काम सोडलं तरी वाढू शकतो, आणि त्यावर टीबी सहज बसतो. कितीतरी लोकांना टीबीच समजून वर्षभर गोळ्या दिल्या जातात.

आमच्या माळव्यात तरी हे नवीन नसायला हवं. झाबुआ, अलिराजपूर, धारची आदिवासी माणसं गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे दगड दळायच्या कारखान्यांत गेली आणि तरुण वयात खोकत परत आली. २०१० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्या म्हणून गुजरात सरकारला शिफारस केली, आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं तेव्हा ते हललं. ते कारखाने आणि आपल्या घरची फरशी यांच्यात धुळीच्या प्रमाणाचा फार फरक आहे हे मान्य, पण आपल्याकडे फरशी कापणारा मुलगा काही आपल्याच घरी कापत नाही, तो आठवड्यातले सहा दिवस वर्षानुवर्षं तेच करतो. आणि नाकाला बांधतो काय, तर रुमाल. रव्याच्या चाळणीने मैदा अडवायला निघाल्यासारखं. निळा सर्जिकल मास्क पण बाजूने उघडाच असतो. इथे एन ९५ लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला, दाढी असेल तर बाजूने हवा घेतोच.

पण परत तोच क्रम, मास्कच्या आधी काय? पाणी. ओलं कापलं की धूळ फारशी उडत नाही, चिखल होतो. मात्र साध्या हातातल्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतत बसू नका, शॉक लागेल, पाण्याच्या नळीची सोय असलेलं कटर वेगळं मिळतं, भाड्यानेही मिळतं, आणि लाइनला ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी हवा, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच. दुसरं म्हणजे दगड कोणता घेताय. संगमरवरात सिलिका अगदी कमी, ग्रॅनाइटमध्ये भरपूर, आणि आता किचनच्या ओट्याला जो कारखान्यात बनलेला क्वार्ट्झचा दगड फॅशनमध्ये आहे त्यात नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली, ओटे कापणारी तरुण मुलं आजारी पडत होती म्हणून. आम्ही ओट्याला तोच पसंत केला होता. बदलला.

सिमेंट पोळतं

हे थोडक्यात. ओल्या सिमेंटचा पीएच १२-१३, म्हणजे चुन्याच्या निवळीसारखं तीव्र अल्कली. गंमत अशी, वाईट गंमत, की लागताना दुखत नाही, संध्याकाळी कातडी सोलते. बुटात मसाला गेला आणि दिवसभर तसाच राहिला की घोट्याला जखमा. कापडी हातमोजे उलट वाईट, ते ओल धरून ठेवतात, रबरी हवेत. गमबूट, आणि हात धुवायला स्वच्छ पाण्याची वेगळी बादली, कामाच्या टाकीतलं पाणी नको कारण त्यात सिमेंटच असतं.

डोळ्यांचं म्हणाल तर ग्राइंडर आणि वेल्डिंगला चष्मा-शील्डशिवाय हात लावायचा नाही. वेल्डिंगची ठिणगी नुसती बघत बसलेल्या हेल्परला रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, मग बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतात बिचारे.

"पण त्यांनाच नको असतं हो"

थोडं खरं आहे. मे महिन्यात इंदूर ४२-४३ वर जातं, डोक्यावर प्लॅस्टिकचं कवच म्हणजे शिक्षा. ठेक्यावर काम करणाऱ्याला हातमोज्याने वेग कमी होतो, आणि वेग म्हणजे पैसे. बूट सहा नंबरच्या पायाला नऊ नंबरचे देतात, बायांच्या मापाचे तर आणतच नाहीत. आणि आपण मालक, ठेकेदार, इंजिनिअर उघड्या डोक्याने फिरत असतो, मग नियम कोणासाठी? मी स्वतः पहिले चार दिवस हेल्मेट न घालता "हेल्मेट घाला" म्हणत फिरत होते, मिस्त्री काही बोलला नाही, नुसता बघायचा.

"सवयच नाही" म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, भिया, दहा वर्षांपूर्वी आपल्याला कचरा वेगळा करायची सवय होती का? आज इंदूरभर सहा प्रकारे वेगळा होतो. भाषणाने नाही झालं, गाडी रोज दारात आली, गाण्यासकट, आणि मिसळलेला कचरा घेईना, म्हणून झालं. साईटवर पण तसंच, मापाचं सामान सकाळी हातात, खराब झालं की बदलून, आणि ते घालून काम हळू झालं तर मजुरी कापायची नाही.

"दिलं तर विकून टाकतात" असं आमचा ठेकेदार म्हणाला. मी म्हटलं, सहामधलं एक गेलं तर गेलं, स्टीलच्या भावात काल जे वाढलं त्यात अशी शंभर हेल्मेटं आली असती.

कायदा कुठपर्यंत येतो

बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा वेगळा कायदा होता, आता त्याची जागा २०२० च्या सुरक्षा आणि आरोग्याच्या कामगार संहितेने घेतली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सुरक्षेसाठी दिलेल्या कशाचेही पैसे मजुराकडून घेता येत नाहीत हे त्यात स्पष्ट आहे, तेव्हा हेल्मेटचे पैसे हजेरीतून कापणारा ठेकेदार सरळ चूक आहे. पण १० पेक्षा कमी मजूर असलेलं काम त्यात येत नाही, आणि स्वतःच्या राहत्या घराचं ५० लाखांपर्यंतचं कामही नाही, जुन्या कायद्यात ही मर्यादा १० लाख होती. म्हणजे शहरातल्या मेट्रोच्या साईटला इन्स्पेक्टर येईल, राजेंद्रनगरच्या आमच्या गच्चीवर कोणी येणार नाही. इथे जे काय करायचं ते मीच.

मजुरांचं कल्याण मंडळाचं कार्ड मात्र असू शकतं, वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेलं हवं. आज इथे उद्या तिथे काम करणाऱ्याला ते ९० दिवस लिहून देणारा भेटत नाही ही खरी अडचण. आमच्याकडे जितके दिवस केले तितके मी सहीनिशी लिहून दिले, पाच मिनिटांचं काम.

आमच्याकडे शेवटी काय केलं

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर हेल्मेट नव्हतंच. उत्तर होतं माल चढवायची छोटी मोटरची लिफ्ट, भाड्याने आणली, आणि खाली एक हातगाडी. डोक्यावरून तगारी उतरली तेव्हा कुठे डोकं हेल्मेटसाठी मोकळं झालं. लिफ्ट आली म्हणून तिचं काम जाऊ नये हे ठेकेदाराशी आधीच बोलून घेतलं होतं, ती आता वर माल उतरवून घेते, हेल्मेट घालून, आत एक पातळ सुती फडकं बांधून, ते चालतं. स्लॅबला तिन्ही बाजूंनी पाईपचा कठडा, चौथ्या बाजूला अजून भांडण चालू आहे कारण तिकडून सळया चढवायच्यात. हार्नेस आणला नाही, हुक लावायला जागाच नसताना कोणाला दाखवायला आणायचा. मेमध्ये काम सकाळी सहाला सुरू आणि बारा ते चार बंद, सुरुवातीला ठेकेदार कुरकुरला, मग म्हणाला सकाळी काम जास्त होतं.

फरशी सध्या ओली कापली जातेय. त्याचा राखाडी चिखल फाटकाखालून वाहत शेजारच्या काकूंच्या अंगणात जातो, त्यांची रांगोळी दोनदा पुसली गेली, काल त्या चांगल्याच चिडल्या होत्या. त्यांना सांगितलंय की अजून आठ दिवस रांगोळी तुळशीपाशी काढा, आणि कटरवाल्याला सांगितलंय की पोत्यात वाळू भरून फाटकाशी आडवी लाव.